रहस्यकथेची फिरती प्रत (बेळगाव सीमाभाग)

एकाने विकत घेतलेली किंवा रद्दीतून उचललेली गुप्तहेर कादंबरी शेजारी, नातलग, सहकारी यांच्या हातांतून एकामागून एक वाचली जाण्याची रीत. या नोंदीत बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि त्यांच्या भोवतीची मराठीभाषक गावे विचारात घेतली आहेत. रीतीला वेगळे नाव नाही. ‘पुस्तक फिरायलंय’ किंवा ‘झालं की पुढं दे’ एवढ्यावर काम भागते. नियम कुठे लिहून ठेवलेले नाहीत, पण खुनी कोण हे पुढच्याला सांगायचे नाही, एवढा एक सगळे पाळतात.

सगळ्याच पुस्तकांना असे पाय फुटत नाहीत. कवितासंग्रह पुन्हा पुन्हा उघडावासा वाटतो, म्हणून तो देताना हात आखडतो. पाककृतींचे पुस्तक घरात रोज लागते. रहस्यकथेचा उलगडा झाला की ती त्या वाचकापुरती बहुधा संपते, आणि तीच प्रत पुढच्या वाचकाला मात्र कोरी करकरीत असते. त्यामुळे ती देताना मालकाचे काही कमी होत नाही. शिवाय आकार लहान, कथानक पळते. रात्री जेवण उरकून हातात घेतलेली कादंबरी पहाटेपर्यंत संपवून सकाळी परत केली, असे सांगणारे वाचक गल्लीगल्लीत भेटतात.

या साहित्यप्रकाराची घडणच दोन वाचकांना जोडणारी आहे. आधुनिक गुप्तहेरकथेची सुरुवात साधारणपणे एडगर ॲलन पो यांच्या १८४१ सालच्या कथेपासून धरतात. पुढे १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने अशा कथांसाठी दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यायला हवा आणि गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवता कामा नये, हे त्यांतले दोन. दुवे सगळ्यांसमोर उघडे असल्यामुळे अर्ध्यावर आलेला वाचक पुस्तक वाचून संपवलेल्याला गाठतो आणि आपला तर्क ऐकवतो. ‘कुठंवर आलास?’ हा त्याला येणारा ठरलेला प्रश्न. वाचून झालेल्याला सगळे ठाऊक असते, तरी चेहऱ्यावर काही दिसू न देता त्याला नुसते ‘वाच की पुढं’ म्हणावे लागते. या संयमाचे मोल मोठे आहे, कारण एका बेसावध शब्दाने प्रत रांगेतल्या सगळ्यांसाठी वाया जाते.

मराठीत अशा फिरत्या प्रतींना मुबलक खाद्य मिळाले ते बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांच्यामुळे. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड आणि धनंजय–छोटू ही त्यांची पात्रे घरोघरी पोचली. त्यांच्यामागून आलेल्या गुरुनाथ नाईक यांच्या कादंबऱ्यांनीही वाचकांची पुढची पिढी बांधून ठेवली. समीक्षकांनी या साहित्याकडे फारसे पाहिले नाही, ही मोठी उणीव म्हणावी लागेल. वाचनाची सवय लागणे ही साहित्यातली लहान गोष्ट नव्हे, आणि ती अनेकांना याच स्वस्त कागदावरच्या पुस्तकांनी लावली.

सीमाभागात या रीतीला आणखी एक कारण मिळाले. बेळगावात वाचनाची परंपरा जुनी आहे. येथील सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे १९२९, १९४६ आणि २००० मध्ये भरले, आणि १९४६ च्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. मात्र १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला. मराठी पुस्तके पूर्वीसारखीच पुण्या-मुंबईत छापली जात राहिली. ग्रंथालयांची व्यवस्था मात्र दोन वाटांनी गेली : म्हैसूर राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६५ चा, महाराष्ट्राचा १९६७ चा. महाराष्ट्राच्या कायद्यात लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदान देण्याची सोय आहे. हद्दीच्या अलीकडचे गाव त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. मग कोल्हापूरला, म्हणजे बेळगावहून सुमारे ११० किलोमीटरवर, कोणी लग्नाला गेला की येताना पिशवीत चार पुस्तके घेऊन यायचा, आणि ती चार पुस्तके गल्लीला महिनाभर पुरायची. सुट्टीत पुण्याहून येणारी भाचरे हा दुसरा पुरवठा. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत भरणाऱ्या ग्रामीण साहित्य संमेलनांनी वाचनाची भूक जागी ठेवली, तिचाही येथे उल्लेख व्हायला हवा.

प्रत हातात आली की तिला आधी खाकी कागदाचे कव्हर चढते. त्यामागे जपणूक असते, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना मुखपृष्ठावरचे पिस्तूल दिसू नये हाही हेतू असतो. आतल्या पानावर मालकाचे नाव लिहिलेले असते. पान दुमडणे चालवून घेतात. समासात खुण करणे चालवून घेत नाहीत, कारण अधोरेखित केलेली एक ओळसुद्धा दुवा फोडते. मागणीची भाषा खास इथली. ‘वाचायलोय अजून, उद्या देतो ग’ असे एक मैत्रीण दुसरीला म्हणते. या भागातल्या बोलीत बायकाही ‘मी देतो, मी येतो’ असे बोलतात, त्यामुळे केवळ संवाद ऐकून वाचक पुरुष की बाई हे बाहेरच्याला कळत नाही. रहस्यकथा फक्त पुरुष वाचतात हा समज इथल्या कोणत्याही माजघरात टिकणार नाही.

बऱ्याच हातांतून गेलेल्या प्रतीची शिलाई सुटते आणि पहिला बळी जातो तो शेवटच्या फर्म्याचा, म्हणजे एकत्र शिवलेल्या शेवटच्या पानांच्या जुडग्याचा. रहस्यकथेत याहून वाईट काही घडू शकत नाही. अशा वेळी मौनाच्या नियमाला एकच अपवाद मान्य आहे : ज्याने ती पाने असताना पुस्तक वाचले, त्याने नव्या वाचकाला शेवट तोंडी सांगायचा. पण आधी नाही. वाचक शेवटच्या उरलेल्या पानावर पोचला, त्याने आपला संशयित कोण ते सांगितले, की मगच. छापील पाने संपतात तिथून पुढची गोष्ट माणसाच्या तोंडून चालू राहते. आठवणीत चार शब्द बदलतात, एखादा प्रसंग गळतो, पण खुनी बदलत नाही. या सगळ्या रीतीतला हा सर्वांत सुंदर भाग आहे.

दोन भाषांत सहज वावरणाऱ्या इथल्या वाचकाला शेजारच्या घरातली कन्नड पुस्तकेही मिळतात. कन्नडमध्ये गुप्तहेर कादंबरीला ‘पत्तेदारी कादंबरी’ म्हणतात. मराठीत ‘पत्ता लावणे’ असल्यामुळे हा शब्द कोणाला समजावून द्यावा लागत नाही. एन. नरसिंहय्या यांचा पत्तेदार पुरुषोत्तम हा कन्नड वाचकांना झुंजारइतकाच जवळचा.

याच्याशी मिळतीजुळती ‘बुकक्रॉसिंग’ ही चळवळ २००१ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तीत पुस्तकाला क्रमांकाची चिठ्ठी लावून ते बाकावर, उपाहारगृहात किंवा प्रवासात सोडून देतात आणि सापडणाऱ्याने त्याची नोंद करावी अशी अपेक्षा असते. ठरावीक वाचकांत फिरून मालकाकडे परतणाऱ्या प्रतीला तेथे वेगळे नाव आहे, न परतता पुढेच जाणाऱ्या प्रतीला वेगळे. सीमाभागातली रीत पहिल्या प्रकाराला जवळची. येथे पुस्तक अनोळखी माणसासाठी सोडले जात नाही, ओळखीच्या हातात दिले जाते, आणि ते कोणाकडे आहे हे विचारत विचारत कळते.

फिरती प्रत कायद्यालाही धरून आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रती लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क लेखकाकडे आहे, पण आधीच वितरणात असलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत. विकत घेतलेली कादंबरी दहा जणांना वाचायला देणे त्यामुळे मोकळे आहे. तीच कादंबरी स्कॅन करून पीडीएफ मोबाइलवर पाठवली तर नवी प्रत तयार होते, आणि हक्क शिल्लक असलेल्या पुस्तकाच्या बाबतीत तिला परवानगी लागते.