प्रारंभिक समभाग विक्री (आयपीओ)

कंपनीने आपले समभाग प्रथमच सर्वसाधारण जनतेला देऊ करून शेअरबाजारात सूचिबद्ध करणे, म्हणजे तेथे खरेदी-विक्रीसाठी दाखल करणे. नवे भाग विकल्यास पैसा कंपनीत येतो; जुन्या भागधारकांनी आपले भाग विकल्यास (ऑफर फॉर सेल) तो त्यांनाच मिळतो, कंपनीला नाही.

उगमाविषयी एकमत नाही. स्वीडनमधील फालूनच्या तांब्याच्या खाणीतील हिश्श्याचा १२८८ चा दस्तऐवज काही अभ्यासक पुढे करतात. मात्र तेथे जनतेला आवाहन नव्हते. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६०२ मध्ये देशातील कोणाही रहिवाशाला भांडवलाची वर्गणी खुली केली आणि हिस्सा दुसऱ्याच्या नावे करण्याची सोय ठेवली. तेव्हा आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक.

सांगली-सातारा भागात कंपनीची नोंदणी, भागभांडवल व सूचीकरण यांची गल्लत आढळते. किर्लोस्करांचा व्यवसाय बेळगावात १८८८ चा, किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा, तर मर्यादित कंपनीची नोंदणी १९२० ची. यांतले कोणतेही वर्ष सूचीकरणाचे नव्हे. १९१६ ची सांगली बँक तर २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन होईपर्यंत असूचिबद्धच होती. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक (१९३६, विलीनीकरण २००६) मात्र सूचिबद्ध होती. सहकारी साखर कारखान्याचा शेअर हा प्रकारच निराळा : एका सभासदाला एक मत, आणि बाजारभाव नाही.

१९९२ पर्यंत विक्रीची किंमत भांडवल निर्गम नियंत्रक या सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीने ठरे. आता मर्चंट बँकर (कंपनीसाठी विक्रीची व्यवस्था पाहणारी संस्था) मसुदा माहितीपत्र सेबीकडे, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामक मंडळाकडे, सादर करतो. सेबी निरीक्षणे कळवते. भाव योग्य की अयोग्य, हे ती सांगत नाही. किंमतपट्ट्याची (ज्या दोन भावांच्या दरम्यान अर्ज करायचा त्याची) वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या १२० टक्क्यांपर्यंत असू शकते. विक्री किमान तीन कामकाजाचे दिवस खुली असते. बंद झाल्यावर तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी सूचीकरण होते. नव्या भागांना ९० टक्के मागणी न आल्यास सर्व पैसे परत करावे लागतात.

किरकोळ (लहान वैयक्तिक गुंतवणूकदाराच्या) अर्जाची मर्यादा दोन लाख रुपये. मागणी फार वाढली की सोडतीने एकेक लॉट (अर्जासाठी ठरवलेला भागांचा किमान गट) मिळतो. मोठा अर्ज करून तेथे लाभ होत नाही. अर्ज बाद होतो तो बहुधा क्षुल्लक कारणांनी : एकाच पॅनवर दोन अर्ज, दुसऱ्याच्या खात्यातून पैसे, किंवा शेवटच्या दिवशी पाचपर्यंत यूपीआयला मंजुरी न देणे. रक्कम वाटपापर्यंत खात्यातच गोठवली जाते. त्यासाठी सेबीच्या यादीतील बँकेचे खाते लागते. पतसंस्थेतील खाते चालत नाही.