आवेग चॅनेलचा, तयारी पंपाची

जीवशास्त्र शिकणाऱ्यांच्या वह्यांत आवेगाबद्दल, म्हणजे चेतापेशीतून धावणाऱ्या विद्युत संदेशाबद्दल, एक वाक्य वारंवार भेटतं: ‘आवेग येऊन गेला की सोडियम-पोटॅशियम पंप चेतापेशीचा विद्युतदाब पूर्ववत करतो.’ वाचायला बरोबर वाटतं, पण ते काम पंपाचं नव्हेच. ते चॅनेलचं.

घोळ होणं साहजिक आहे. दोन्ही पेशीपटलात रुतलेली प्रथिनं, आणि दोन्हींतून जातात तेच सोडियम-पोटॅशियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू. पण गच्चीवरची टाकी आठवा. मोटर पाणी वर चढवते, तिला वीज लागते. नळ सोडला की पाणी आपणहून खाली धावतं. पंप म्हणजे ती मोटर. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चून तो 3 सोडियम बाहेर काढतो, 2 पोटॅशियम आत घेतो, तेही चढाच्या दिशेनं. चॅनेल हा नळ: उघडला की आयन उताराकडे निघतात, एटीपी लागत नाही. वेगाची तर तुलनाच नको. पंप सेकंदाला काहीशे आयन हलवतो, उघड्या चॅनेलमधून तेवढ्याच वेळात लाखो, कधी कोटीही जातात.

आता आवेग पाहू. शांत पेशीची आतली बाजू साधारण उणे 70 मिलिव्होल्ट असते. ती उणे 55च्या आसपास आली की सोडियमचे चॅनेल धडाधड उघडतात, सोडियम आत घुसतो, दाब शून्य ओलांडून अधिक 30पर्यंत चढतो. मिलिसेकंदभरात हे चॅनेल स्वतःच बंद पडतात. तोवर पोटॅशियमचे चॅनेल, जरा सावकाश, उघडलेले असतात. पोटॅशियम बाहेर पडतो आणि दाब उतरतो. पूर्ववत झालं ते इथे! हॉजकिन आणि हक्सले यांनी 1952मध्ये माकुळाच्या जाड अक्षतंतूवर (चेतापेशीच्या लांब तंतूवर) हे प्रवाह मोजून मांडले. त्याच तंतूत पंप विषानं थांबवला तरी हजारो आवेग जाऊ शकतात, कारण एका आवेगात हलणारे आयन साठ्याच्या मानानं नगण्य असतात. टाकी मात्र हळूहळू रिकामी होत जाते, म्हणून पंप हवाच.

दातांचे डॉक्टर लिडोकेनचं इंजेक्शन देतात तेव्हा बंद होतात ते सोडियमचे चॅनेल. पंप चालूच असतो. डेन्मार्कचे येन्स स्कोव अशाच भुलीच्या औषधांच्या मागावर होते. ती पेशीपटलावर काय करतात हे शोधताना ते खेकड्याच्या पायातल्या चेतांपर्यंत पोचले, आणि 1957मध्ये त्यांच्या हाती लागला तो पंप. त्यासाठी नोबेल मिळायला 1997 उजाडलं.