त्रैक्य: आधी प्रार्थना, मग शब्द

पैठणच्या एकनाथांनी रचलेली दत्ताची आरती मराठवाड्यात घरोघरी पाठ असते. माहूरगडही याच मातीतला. त्यामुळे ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा’ हे शब्द कानावर पडले की इथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे तीन शिरं, सहा हात उभे राहतात. ‘म्हणजे तुमचाही दत्तच की,’ असं शेजारी आपुलकीने म्हणतात. आपुलकी खरी आहे. पण ख्रिस्ती विश्वासातल्या त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीची, वाट वेगळी आहे आणि तिचा माग फार मागे जातो.

‘त्रैक्य’ हा शब्द बायबलमध्ये कुठेच नाही. बाप्तिस्मा मात्र आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी तो पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने द्यायला सांगितला आहे. नावं तीन घेतली, तरी मूळ ग्रीकमध्येही शब्द एकवचनीच आहे: ‘नाव’. पहिले ख्रिस्ती यहुदी होते, एकाच देवाला मानणारे. आणि तेच येशूला प्रभू म्हणून हाक मारत. हे दोन्ही एकत्र कसं मांडायचं, याला त्यांच्याकडे शब्द नव्हते. इ.स. २०० नंतर काही वर्षांतच उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने लॅटिनमध्ये ‘त्रिनितास’ हा शब्द वापरला.

वाद पेटला तो चौथ्या शतकात. पुत्र निर्माण केलेला आहे, म्हणून पित्याहून खालचा, असं अलेक्झांड्रियाचा पाळक आरियस शिकवू लागला. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसियाला, आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, परिषद बोलावली. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असा तिथे निर्णय झाला. तरी भांडण मिटेना. त्या निर्णयाची बाजू धरणाऱ्या अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. निस्साचा बिशप ग्रेगरी लिहितो की कॉन्स्टँटिनोपलमध्ये भाकरीचा भाव विचारला तरी ‘पिता मोठा, पुत्र त्याच्या अधीन’ असं उत्तर मिळे. त्याचा थोरला भाऊ बेसिल याच्यावर तर उपासनेतल्या शब्दयोगी अव्ययांवरून टीका झाली: पित्याला गौरव ‘पुत्रासह’ म्हणायचा की ‘पुत्राद्वारे’? मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. माणसं रोज तोंडाने काय म्हणतात, यावर तो वाद होता. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पवित्र आत्म्यालाही पिता-पुत्रांच्या बरोबरीने आराधना दिली. तिघांत वरचा-खालचा नाही. एकाच देवाची ही तीन सोंगंही नव्हेत. पिता पुत्रावर खरोखर प्रीती करतो.

मराठीत हा विचार ओवीतून आला. इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, ते गोव्याकडे. पण ती ओवी अंबाजोगाईच्या मुकुंदराजांपासून आणि पैठणच्या नाथांपासून चालत आलेली.

मराठवाड्यात या विश्वासाला गाव मिळालं ते जालन्याजवळ. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, जन्माने ब्राह्मण असलेले नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यात आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी बेथेल वसवलं. तिथे आलेल्यांत मातंग कुटुंबं बरीच होती. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘तू खालचा’ एवढंच ऐकवलं गेलं, त्यांच्यासाठी देवातच वरचा-खालचा नाही हे ऐकणं काय असेल! नायसियाचा निर्णय मला खरा कळतो तो इथे. जेवणाआधी, पेरणीआधी, आजाऱ्याच्या उशाशी आपल्या घरांत ती तीन नावं घेतली जातात. ती घेऊन कुणी शेजाऱ्याला वेगळा पेला देत असेल, तर तो अजून आरियसच्याच बाजूला आहे.

पेंटेकॉस्ट म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण; त्यानंतरचा पहिला रविवार त्रैक्याचा. तो बहुधा मृगाच्या आगेमागे येतो, सगळ्यांचे डोळे आभाळाकडे असताना. उपासना संपताना पाळक हात उंचावून बायबलमधल्या प्रेषित पौलाचेच शब्द म्हणतात: ‘प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती व पवित्र आत्म्याची सहभागिता तुम्हा सर्वांसह असो.’ मंडळी ‘आमेन’ म्हणते आणि चपला पायात घालून शेताकडे निघते.