टर्नोकचा दगड

उत्तर आयर्लंडच्या दक्षिण आर्मा भागात, जोन्सबरो गावाजवळ, एका कुरणात ग्रॅनाइटचा खांब उभा आहे. दोन मीटरहून उंच, फारसा न घडवलेला. मागच्या अंगाला वर्तुळांत कोरलेले दहा लहान क्रूस आहेत. पुढच्या अंगावर एक लेख, त्याच्या वर एक क्रूस आणि खाली वर्तुळातला आणखी एक. जागेचं नाव किलनासॅगर्ट, म्हणजे धर्मगुरूंचं चर्च. ते चर्च केव्हाच गेलं. खांब तेराशे वर्षं टिकला आहे.

आयर्लंडमध्ये क्रूस कोरलेले असे उभे दगड शेकड्यांनी आहेत. पण एखाद्याचं नेमकं वय विचारलं की पुरातत्त्वज्ञांची पंचाईत होते. लाकूड, हाड किंवा कोळसा हाती लागला तर कार्बन-14 वरून काळ काढता येतो, कारण तो कार्बन कधीतरी सजीवाच्या शरीरात होता. ग्रॅनाइट कधी जिवंत नव्हता. त्यातल्या किरणोत्सारी खनिजांवरून त्याचंही वय निघतं, पण ते असतं कोट्यवधी वर्षांचं. जमिनीखालचा तप्त रस कधी थिजला, एवढंच ते सांगतं. त्यावर टाकी कधी चालली, याचा पत्ता त्यातून लागत नाही. केरी परगण्यातल्या रीस्क इथल्या देखण्या क्रूसस्तंभाचंच पाहा. 1970च्या दशकात तिथल्या मठाचं उत्खनन झालं, पण स्तंभावर अक्षरं आहेत ती फक्त तीन, ‘डीएनई’. ‘हे प्रभो’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचं ते संक्षिप्त रूप. देवाला हाक आहे, माणसाचं नाव नाही. मग नक्षीच्या वळणावरून अंदाज बांधायचा.

किलनासॅगर्टवर माणसाचं नाव आहे, म्हणून मला हा दगड इतका मोलाचा वाटतो. लेख लॅटिनमध्ये नाही, लोकांच्या जुन्या आयरिश भाषेत आहे, आणि त्याचा अर्थ सरळ आहे : ही जागा केरान बिकचा मुलगा टर्नोक याने येशूचा शिष्य प्रेषित पीटर याच्या छत्राखाली दिली. आपल्याकडच्या दानलेखांसारखाच हा दानलेख. तिकडे मठांतले भिक्षू वर्षवार इतिवृत्तं लिहीत. कोण वारलं, कुठे लढाई झाली, कधी ग्रहण लागलं, सगळं त्यांत येई. त्यांत केरानचा मुलगा टर्नोक वारल्याची नोंद इ.स. 715च्या आगेमागे सापडते. म्हणजे दान त्याआधीचं, आणि दगड साधारण 700च्या सुमाराचा. नुसतं नाव जुळलं असतं तर शंका राहिली असती. इथे बापाचंही नाव जुळतं, आणि अक्षरांची वळणं व भाषेची रूपंही त्याच काळात बसतात. असा काळ ठरलेला दगड विरळा. त्याच्या शेजारी ठेवून बाकीच्यांचा काळ ताडून पाहता येतो.

पीटरचं नाव त्या काळात उगीच आलेलं नसावं, असं माझं मत. तेव्हा ईस्टर कधी पाळायचा यावरून मोठा वाद चालू होता. ईस्टरची तिथी चंद्र आणि सूर्य दोघांच्या हिशेबाने ठरते, आणि हा मेळ घालणं किती अवघड, हे अधिक मास पाळणाऱ्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आयर्लंडकडचे जुने मठ तिथ्यांचं 84 वर्षांचं चक्र धरत, तर रोमच्या बाजूचे 19 वर्षांचं. पीटरला रोमच्या चर्चचा आद्य प्रमुख मानतात, आणि 664मध्ये इंग्लंडच्या व्हिटबी इथल्या सभेत रोमच्या बाजूने त्याचाच अधिकार पुढे केला गेला. आयर्लंडच्या भिक्षूंनी वसवलेल्या, स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरच्या मठाने 716मध्ये रोमची रीत मानली. टर्नोकचं दान याच धामधुमीतलं.

आता दगडाजवळ जाऊ. ग्रॅनाइट म्हणजे क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक यांचे एकमेकांत घट्ट रुतलेले दाणे. क्वार्ट्झ साध्या लोखंडाहून कठीण, त्यामुळे टाकीने रेघ ओढून चालत नाही. ठोकत, दाणा दाणा चुरत खोबण पाडावी लागते. म्हणूनच अशा दगडावर बारीक नक्षी धरत नाही. पुढचं काम पावसाचं. किंचित आम्लधर्मी पाण्याने फेल्डस्पारची हळूहळू माती होते, पकड सुटलेले दाणे गळतात आणि खोबणीच्या कडा गोल होत जातात. वर दगडफुलाचे ठिपके चढतात. भर दुपारच्या उजेडात असा लेख जवळजवळ दिसेनासा होतो. यावर जुना उपाय आहे तिरक्या उजेडाचा. उजेड दगडाला घासून गेला की उथळ खड्ड्यातही सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. आता वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढून संगणकावर पृष्ठभागाचं त्रिमितीय रूप उभं करतात, पण तत्त्व तेच. गावातल्या झिजलेल्या वीरगळीवर अंधार पडल्यावर बाजूने टॉर्च आडवा धरून पाहा, दुपारी न दिसलेले हात, ढाल, घोडा दिसू लागतील.

1960च्या दशकात या खांबाभोवती उत्खनन झालं, तेव्हा कबरी सापडल्या. ख्रिस्ती कबरी एरवी पूर्व-पश्चिम असतात. इथे त्या चाकाच्या आऱ्यांसारख्या खांबाकडे रोखलेल्या होत्या. खांबाशेजारून, आयर्लंडच्या प्राचीन राजांच्या टारा टेकडीकडून उत्तरेला जाणारा प्राचीन हमरस्ता जाई. त्या वाटेच्या कडेला टर्नोकने आपल्या बापाचं नाव तो ज्या नावाने ओळखला जाई तसंच कोरून घेतलं. ‘बिक’ म्हणजे छोटा.