मोटारीचा घरगुती जीर्णोद्धार : फोर्ड मस्टँग (१९६४–६६)

वापराने किंवा नुसती पडून राहिल्याने जीर्ण झालेली मोटार कारखान्यातून बाहेर पडतानाच्या स्थितीला शक्य तितकी जवळ नेण्याच्या कामास जीर्णोद्धार म्हणतात. अमेरिकेत हे काम व्यावसायिक कार्यशाळांबरोबरच घराला लागून असलेल्या गॅरेजातही मोठ्या प्रमाणावर चालते. मालक स्वतःच पत्रा कापतो, झाळतो, इंजिन उतरवतो; यंत्रशाळा, क्रोम मुलामा किंवा रंगकाम एवढ्यापुरतीच बाहेरची मदत घेतो. प्रस्तुत नोंद फोर्ड मस्टँगच्या पहिल्या तीन वर्षांच्या गाड्यांपुरती मर्यादित आहे.

कोणत्या गाडीला ‘क्लासिक’ म्हणावे याबाबत एकवाक्यता नाही. १९५२ मध्ये स्थापन झालेली ‘क्लासिक कार क्लब ऑफ अमेरिका’ ही संस्था हा शब्द १९१५ ते १९४८ या काळातील निवडक उंची गाड्यांपुरताच राखून ठेवते. त्या व्याख्येत मस्टँग बसत नाही. १९३५ पासून कार्यरत असलेली ‘अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका’ मात्र पंचवीस वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांना प्रवेश देते. रूढ वापर दुसऱ्या बाजूचा आहे व येथेही तोच स्वीकारला आहे.

घरगुती जीर्णोद्धारासाठी मस्टँग निवडली जाते ती मुख्यतः संख्येमुळे. पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या आणि मार्च १९६६ मध्ये उत्पादनाने दहा लाखांचा टप्पा गाठला. त्यामुळे दाते गाड्या (भाग काढून घेण्यासाठीच्या जुन्या गाड्या) मिळतात व नव्याने बनवलेले सुटे भागही जवळजवळ सर्व उपलब्ध आहेत. सुमारे ४.६ मीटर लांबीची ही गाडी दोन गाड्यांच्या गॅरेजात सुटी करून ठेवता येते, आणि तिची यंत्ररचना फोर्डच्याच फाल्कन या साध्या, स्वस्त गाडीवरून घेतलेली असल्याने नेहमीच्या पान्यांनी उघडते.

‘साडेचौसष्ट’चा वाद. मस्टँगचे उत्पादन ९ मार्च १९६४ रोजी मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न येथे सुरू झाले आणि १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात ती लोकांपुढे आली. अमेरिकी प्रथेनुसार नवे मॉडेल-वर्ष शरदात सुरू होते. मस्टँग त्याच्या मधोमध आली. फोर्डने तिला पहिल्या दिवसापासून १९६५ चीच गाडी मानले व चासी क्रमांकाचा पहिला अंक ‘५’ असाच ठोकला. संग्राहक मात्र ऑगस्ट १९६४ च्या मध्यापर्यंतच्या गाड्यांना ‘१९६४½’ म्हणतात. कंपनीच्या कागदपत्रांत असे वेगळे मॉडेल-वर्ष नाही, एवढे निश्चित.

तरीही हा भेद काल्पनिक म्हणता येत नाही. आधीच्या गाड्यांत वीजनिर्मितीसाठी जनरेटर आहे व मीटरवरील दिव्यावर तशी अक्षरे आहेत; नंतरच्यांत अल्टरनेटर आला. १७० घनइंची सहा सिलिंडरचे आणि २६० घनइंची आठ सिलिंडरचे इंजिन फक्त आधीच्या गाड्यांत मिळते. पुढे त्यांच्या जागी २०० आणि २८९ घनइंची इंजिने आली (२८९ चा एक प्रकार आधीच्या गाड्यांतही होता). याच सुमारास २८९ इंजिनाच्या मागील बाजूस गिअरबॉक्सच्या घंटाकृती आवरणासाठी पाचाऐवजी सहा बोल्टची बैठक आली. वाद आहे तो सीमारेषेबाबत. एक मत असे की सर्व बदल एकाच दिवशी झाले व त्यामुळे क्रमांकावरून गाडी ओळखता येते. दुसऱ्या मतानुसार शिल्लक साठा संपेपर्यंत जुने भाग लागतच राहिले. इतक्या वेगाने चाललेल्या उत्पादनात दुसरे मत अधिक संभाव्य वाटते; म्हणून सीमेवरच्या गाडीत एखादा ‘उशिराचा’ भाग सापडला तर तो नंतर बदललेला आहे असे लगेच ठरवून फेकून देऊ नये. फास्टबॅक (मागे उतरत जाणाऱ्या टपाची) बॉडी मात्र शरदातील हंगामाबरोबर आली आणि न्यू जर्सीतील मटचन येथील कारखान्यात मस्टँग १९६५ मध्ये बनू लागली. त्यामुळे ‘साडेचौसष्टची फास्टबॅक’ किंवा ‘साडेचौसष्टची मटचन गाडी’ असे जाहिरातीत दिसले तर दावा सरळ नाकारावा.

ओळख पटवणे. पान्याला हात लावण्यापूर्वी गाडी नेमकी कोणती आहे हे ठरवावे लागते. चासी क्रमांक पुढच्या डाव्या मडगार्डाच्या आतील पत्र्याच्या वरच्या कडेवर ठोकलेला असतो. उदाहरणार्थ, ‘५एफ०८एफ१००००१’ (हा क्रमांक असलेली गाडी आज डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे) यातील ५ म्हणजे १९६५, पहिला ‘एफ’ डिअरबॉर्नचा, ०८ म्हणजे उघड्या टपाची बॉडी, दुसरा ‘एफ’ २६० इंजिनाचा, आणि पुढे अनुक्रमांक. ‘आर’ हे अक्षर कॅलिफोर्नियातील सॅन होजे कारखान्याचे, ‘टी’ मटचनचे. ०७ हार्डटॉप (पक्क्या टपाची), ०९ फास्टबॅक. इंजिनासाठी ‘सी’ व ‘ए’ ही साधारण २८९ ची अक्षरे, तर ‘के’ हे २७१ अश्वशक्तीच्या २८९ चे.

चालकाच्या दारावरील पट्टीवर रंग, आतील सजावट, तारीख, ॲक्सल व गिअरबॉक्स यांची संकेताक्षरे असतात. पण दार बदलता येते आणि पट्टी नव्याने बनवून मिळते. ठोकलेला क्रमांक आणि पट्टी यांत विसंगती आढळली तर ठोकलेल्या क्रमांकावर विश्वास ठेवावा. विक्रीच्या वेळी नेमके उलटे होते, ही या क्षेत्रातील मोठी अडचण आहे.

‘जुळणारे क्रमांक’ (गाडी व इंजिन यांवर एकच क्रमांक असणे) या कल्पनेचा येथे बराच गोंधळ होतो. इंजिनावर गाडीचा क्रमांक ठोकण्याची सार्वत्रिक पद्धत १९६८ पासूनची. त्याआधीच्या मस्टँगमध्ये केवळ ‘के’ इंजिनावर तो सापडतो. इतर गाड्यांचे इंजिन ‘मूळचेच’ आहे असे काटेकोरपणे सिद्ध करता येत नाही. ते काळाशी सुसंगत आहे एवढेच म्हणता येते. त्यासाठी ओतीव तारीख वाचतात. स्टार्टरच्या वरच्या अंगाला, तेलकट मळ खरवडल्यावर, ‘४एच१२’ अशी उठावदार अक्षरे दिसतात : वर्ष १९६४, आठवे अक्षर म्हणून ऑगस्ट, दिवस १२. (महिन्यांच्या यादीत ‘आय’ वगळलेले असल्याने सप्टेंबर ‘जे’ ठरतो.) ही तारीख गाडीच्या बांधणीच्या काही आठवडे आधीची असावी. नंतरची असेल तर इंजिन निश्चितपणे बदललेले आहे.

जीटी गाड्यांची, म्हणजे इंजिन, ब्रेक व सजावटीचा खास पर्यायी संच घेतलेल्या गाड्यांची, स्थिती याहून नाजूक आहे. एप्रिल १९६५ मध्ये आलेला हा संच क्रमांकात वा पट्टीत नोंदवलाच जात नसे. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांची उत्पादन-नोंद गाडीगणिक मिळू शकते, त्याआधीच्यांची नाही. त्यामुळे ‘ए’ किंवा ‘के’ इंजिन, पुढचे डिस्क ब्रेक आणि दुहेरी सायलेन्सर टांगण्यासाठी मागील रेल्सवर (गाडीखालच्या उभ्या तुळयांवर) कारखान्यात झाळलेल्या मजबुतीच्या पट्ट्या यांवरून अनुमान करावे लागते. पट्ट्यांचा पुरावा यांत सर्वांत भरवशाचा. कारण बिल्ले, पट्टे व दिवे बाजारात मिळतात, जुने स्पॉट वेल्ड (दोन पत्रे ठिपक्याएवढ्या जागी झाळलेले सांधे) मिळत नाहीत.

पत्रा आणि काउल. मस्टँगला वेगळी चासी नाही. फरशी, रेल्स व दारांखालचे बाजूचे खोके मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. म्हणून गंज हा येथे शोभेचा प्रश्न राहत नाही. तपासणीची सुरुवात लोहचुंबकाने करतात : खड्डे बुजवायला लांबी (भरावाचा लेप) भरलेल्या जागी तो धरत नाही.

सर्वांत कपटी जागा काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीखाली आहे. त्या जाळीतून हवा ज्या बंद पेटीत जाते तिला काउल म्हणतात. पेटीच्या तळात आत हवा सोडणारी दोन भोके असून प्रत्येकाभोवती पत्र्याची उभी कड आहे. पावसाचे पाणी त्या कडेला वळसा घालून दोन्ही टोकांनी खाली निघून जावे अशी योजना होती. प्रत्यक्षात जाळीतून पडलेली पाने त्या टोकांशी कुजतात, ओल राहते आणि कड बुडाशी सडते. मग पाणी थेट पायाखाली येते, गालिचा भिजतो, आणि मालक कितीही वेळा फरशी बदलो, ती पुन्हा सडते. परीक्षा सोपी आहे : गालिचा काढावा, एकाने बागेच्या नळीने जाळीत पाणी सोडावे, दुसऱ्याने उताणे पडून डॅशबोर्डखाली टॉर्च मारावा. हीटरच्या मागून पाण्याची धार दिसली की निदान झाले.

आतून चिकटवायच्या प्लॅस्टिक कडा मिळतात. त्या तात्पुरत्या समजाव्यात. खरी दुरुस्ती करायची तर बोनेट, मडगार्ड, वायपर व पुढची काच काढून वरच्या पत्र्याचे स्पॉट वेल्ड एकेक शोधावे लागतात. प्रत्येकावर मध्यखूण करून साधारण ८ मिलिमीटरच्या कटरने फक्त वरचा थर कापायचा असतो. हात जरा जड पडला तर खालच्या पत्र्याला भोक पडते. पेटी उघडल्यावर तळ स्वच्छ करून किंवा बदलून, जस्तयुक्त प्रायमर मारून, त्याच भोकांतून मिग वेल्डिंगने (तार वितळवून झाळण्याच्या पद्धतीने) टाके भरतात आणि सांधे सीलरने बंद करतात. कष्ट फार, आणि संपल्यावर बाहेरून काहीच दिसत नाही. तरीही घरी करण्यासारखे याहून मोलाचे काम या गाडीत नाही. फरशी आधी व काउल नंतर हा क्रम चुकीचा आहे.

फरशी किंवा बाजूचे खोके कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवे नळ झाळून आधार द्यावा, विशेषतः उघड्या टपाच्या गाडीत. अन्यथा सांगाडा मध्ये झुकतो व दार पुन्हा नीट लागत नाही. २०११ मध्ये फोर्डने याच वर्षांच्या उघड्या टपाच्या मस्टँगची संपूर्ण नवी बॉडी आपल्या परवान्याखाली उपलब्ध असल्याचे जाहीर केले. अशा बॉडीवर जुन्या गाडीचे भाग चढवले तर उभी राहते ती जुनी गाडी की नवी, यावर मतैक्य नाही. जुना क्रमांक कापून नव्या पत्र्यावर झाळणे मात्र कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते.

यंत्रभाग. २८९ इंजिनाची फेरबांधणी हा बराच चर्चिलेला विषय आहे. सिलिंडर व क्रँक यांचे काम यंत्रशाळेकडे द्यावे. जोडणी घरी होते. अमेरिकेत १९९६ पासून रस्त्यावरील गाड्यांसाठी शिशाचे पेट्रोल (शिसे व्हॉल्व्हच्या सीटची झीज रोखत असे) बंद असल्याने हेड उघडलेच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हना कठीण सीट बसवून घेतात. सहा सिलिंडरच्या गाडीची चाके चार बोल्टची, आठच्या गाडीची पाच बोल्टची. इंजिन बदलून चाके तशीच ठेवलेली गाडी यावरून उघडी पडते. १९६६ पर्यंत ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकेरी होता, म्हणजे एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. १९६७ च्या धर्तीचा दुहेरी सिलिंडर बसवणे हा मूळ रचनेतील बदल असला, तरी चालवायच्या गाडीत तो करावाच. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ड्रममधील धूळ कॉम्प्रेसरने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

रंग व अंतर्भाग. फोर्डचा मूळ रंग भट्टीत भाजलेले इनॅमल होता. मूळ छटा डॅशबोर्डामागे किंवा दाराखालच्या ॲल्युमिनियम पट्टीखाली न उडालेली सापडते. आजच्या दोन-घटकी रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट ही श्वासाला घातक रसायने असतात. साध्या मास्कने ते अडत नाहीत, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. म्हणून अनेक जण प्रायमरपर्यंत घरी थांबतात. सीटची आवरणे व गालिचे तयार मिळतात.

मूल्यमापन. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ‘मस्टँग क्लब ऑफ अमेरिका’च्या प्रदर्शनांत कारखानानिष्ठ गाड्या, चालवल्या जाणाऱ्या गाड्या आणि मुळीच न उघडलेल्या गाड्या असे वेगवेगळे वर्ग आहेत. शेवटच्या वर्गाचे महत्त्व अलीकडे वाढले आहे, आणि ते योग्यच आहे : कारखान्यातील रंगाचे ओघळ व खडूच्या खुणा तिथेच अभ्यासता येतात.

भारतातील संदर्भ. मुंबईचा अमेरिकी मोटारींशी संबंध जुना आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणी सुरू केली, आणि वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात १९४७ पासून क्रायस्लरच्या डॉज व प्लिमथ जोडल्या. आयातीवरील निर्बंधांच्या काळात सुटे भाग मिळेनात, तेव्हा यांपैकी अनेक गाड्यांत डिझेल इंजिने बसली आणि पत्रा डेंटरने हातोडीने ठोकून घडवला. मस्टँग मात्र भारतात अधिकृतपणे २०१६ मध्येच विक्रीस आली.

२०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आली. ती दहा वर्षे वैध असते व रोजच्या वापरासाठी नसते. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी तिची अट आहे. मुंबईच्या जुन्या डॉजमध्ये बसलेले डिझेल इंजिन या अटीत कसे बसवावे, हा प्रश्न त्यामुळे येथील जीर्णोद्धारकांपुढे उभा राहतो.