सद्दामचे महाल: आत कोण जाऊ शकत होतं?

इराकमध्ये तैनातीवर जाऊन आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास सापडतो. गणवेशातला जवान सोनेरी वेलबुट्टीच्या अवाढव्य खुर्चीत रेलून बसलेला असतो. ही खुर्ची बगदाद विमानतळाजवळच्या अल-फाव महालातली. पॅलेस्टिनी नेते यासर अराफात यांनी ती इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेनला भेट दिली होती, असं पाहुण्यांना सांगितलं जाई. वर भलंमोठं झुंबर. लांबून डोळे दिपावेत, पण जवळून पाहिलं की त्यातलं बरंचसं प्लास्टिक दिसायचं.

फाव हे इराकच्या दक्षिण टोकाचं द्वीपकल्प. इराण-इराक युद्धात इराणने ते फेब्रुवारी १९८६ मध्ये जिंकलं आणि एप्रिल १९८८ मध्ये इराकने परत मिळवलं. महाल त्या विजयाची आठवण म्हणून उभा राहिला, भोवती कृत्रिम तळं खोदून. सद्दामच्या आधीही इराकमध्ये महाल होते. बगदादचा रिपब्लिकन पॅलेस मुळात राजेशाहीच्या काळात, १९५० च्या दशकात बांधायला घेतलेला. पण महालांचं पीक आलं ते कुवेत युद्धानंतर. ऑगस्ट १९९० पासून देशावर संयुक्त राष्ट्रांचे कडक निर्बंध होते, दिनार मातीमोल झाला होता, लोक रेशनचं पीठ, तांदूळ, साखर, चहा यांवर दिवस काढत होते. नेमक्या त्याच दशकात एकामागून एक महाल बांधले गेले. एकाचं नावच ‘अमेरिकेवरील विजय’. तो पुरा होण्याआधीच अमेरिकेच्या बॉम्बखाली आला.

हा निव्वळ शौक होता असं म्हणणं अपुरं वाटतं. निर्बंधांनी आपलं काही बिघडलेलं नाही हे दाखवायचं होतं आणि सद्दामचा आज मुक्काम कुठे आहे याचा कुणाला पत्ता लागू द्यायचा नव्हता. त्यामुळे उंच भिंती, पहारे, पाण्याचे वेढे. सामान्य इराकी माणसाने या भिंतींकडे निरखून पाहणंही धोक्याचं. संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रास्त्र तपासनीसांनाही दार उघडेना, तेव्हा फेब्रुवारी १९९८ मध्ये सरचिटणीस कोफी अन्नान यांना स्वतः बगदादला जाऊन करार करावा लागला. त्यातल्या आठ ‘अध्यक्षीय स्थळां’मध्ये मिळून हजारावर इमारती भरल्या. तपासनीस आत गेले तेही सोबत परदेशी राजनैतिक अधिकारी घेऊन.

२००३ मध्ये सद्दामला हटवायला अमेरिका-ब्रिटनचं सैन्य आलं आणि या जागा त्याला आयत्याच मिळाल्या. कुंपण आहे, मोकळी जमीन आहे, आत नागरी वस्ती नाही. लष्करी तळाला आणखी काय हवं? रिपब्लिकन पॅलेसच्या छतावरची सद्दामची चार प्रचंड मस्तकं उतरवली गेली आणि खाली कब्जा प्रशासनाची कार्यालयं थाटली. अल-फावभोवती कॅम्प व्हिक्टरी हा अमेरिकी तळ वसला, बसराच्या महालात ब्रिटिश राहिले. भारताकडेही अमेरिकेने सैन्य मागितलं होतं. वाजपेयी सरकारने जुलै २००३ मध्ये नकार दिला.

सैन्याच्या मुक्कामाची सर्वांत मोठी किंमत मोजली ती बॅबिलॉन या प्राचीन शहराच्या अवशेषांनी. सद्दामने १९८० च्या दशकात तिथल्या प्राचीन राजा नेबुखद्नेझरच्या राजवाड्याच्या अवशेषांवरच नव्या विटांच्या भिंती चढवल्या. तो राजा विटांवर आपलं नाव उमटवायचा, म्हणून यानेही काही विटांवर स्वतःचं नाव कोरून घेतलं. पुढे शेजारी कृत्रिम टेकडी उभारून वर स्वतःचा महाल बांधला. तिथल्या दगडी नक्षीत त्याचा चेहरा आजही दिसतो. २००३-०४ मध्ये या परिसरात आधी अमेरिकी, मग पोलिश सैन्याचा तळ होता. हेलिपॅडसाठी जमीन सपाट केली, खंदक खणले, जड वाहनं प्राचीन फरसबंदीवरून गेली, काही रेतीच्या पोत्यांत तर पुरातन खापरांची मातीच भरली गेली. ब्रिटिश म्युझियमच्या तज्ज्ञांनी आणि नंतर युनेस्कोने हे नुकसान नोंदवलं आहे. सैन्य नसतं तर लुटारूंनी जागा साफ केली असती, हा बचाव अगदीच खोटा नाही. पण राखण करायला हेलिपॅड लागत नाही.

महाल परत देण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं. रिपब्लिकन पॅलेस १ जानेवारी २००९ ला इराकच्या ताब्यात आला, कॅम्प व्हिक्टरी डिसेंबर २०११ मध्ये. तिक्रितचा महाल-परिसर त्याआधीच, २००५ मध्ये दिला होता. जून २०१४ मध्ये आयसिसने जवळच्या कॅम्प स्पायकर या लष्करी तळावरच्या शेकडो निःशस्त्र इराकी कॅडेटना तिथे नेऊन मारलं आणि प्रेतं टायग्रिसमध्ये टाकली. बसराचं नशीब बरं. तिथल्या महालात २०१६ पासून पुराणवस्तू संग्रहालय आहे आणि शाळेची मुलं आत जातात. बॅबिलॉनचा महाल ओकाबोका आहे. भिंतींवर लोकांनी नावं लिहून ठेवली आहेत आणि स्थानिक तरुण फोटो काढायला येतात. अल-फावमध्ये २०२१ पासून अमेरिकन विद्यापीठ भरतं. ते खासगी आहे, त्यामुळे आता तिथे शिरायला पहारेकऱ्याची नाही, फी भरण्याची अडचण येते.