फ्लोरिडातली ५३७ मतं आणि न घडलेला इतिहास

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या २००० सालच्या निवडणुकीत फ्लोरिडा राज्यात जवळजवळ ६० लाख मतं पडली आणि रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज डब्ल्यू. बुश तिथे अवघ्या ५३७ मतांनी पुढे राहिले. देशभरातली मतं मोजली तर डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर यांना सुमारे साडेपाच लाख मतं जास्त होती. पण तिथला राष्ट्राध्यक्ष ठरतो निर्वाचकांच्या, म्हणजे प्रत्येक राज्याच्या वाट्याला आलेल्या ठरावीक प्रतिनिधींच्या मतांवर, आणि बहुतेक राज्यांत जो पुढे असेल त्याला राज्याची सगळी निर्वाचक मतं मिळतात. फ्लोरिडाची २५ मतं धरून बुश यांची बेरीज २७१ झाली. लागत होती २७०.

‘गोर निवडून आले असते तर?’ हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. इराकवर हल्ला झाला नसता, हवामानबदलावर वीस वर्षं आधीच काम सुरू झालं असतं, अशी उत्तरं आपण ऐकलेली असतात. त्यातली बरीचशी इच्छेतून आलेली आहेत. पण या प्रश्नाच्या एका भागाला संख्याशास्त्राने चोख उत्तर दिलेलं आहे, आणि त्याच्या पुढे गेलं की पुरावा झपाट्याने विरळ होतो. ही सीमा नेमकी कुठे आहे ते शोधणं हे मला या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं काम वाटतं.

सुरुवात करायची ती फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीपासून. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. इथे वयस्कर मतदार बरेच. राष्ट्राध्यक्षपदाला दहा उमेदवार होते आणि सगळी नावं एका रकान्यात घेतली तर अक्षरं बारीक झाली असती. म्हणून काउंटीच्या निवडणूक अधिकाऱ्यांनी नावं समोरासमोरच्या दोन पानांवर छापली आणि मत नोंदवण्यासाठी कार्डात पाडायची भोकं मधल्या पट्टीत ठेवली. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी दिसते म्हणून तिला ‘बटरफ्लाय’ मतपत्रिका म्हणू लागले. डाव्या पानावर पहिलं नाव बुश, दुसरं गोर. उजव्या पानावर पहिलं नाव रिफॉर्म पक्षाचे पॅट ब्युकॅनन. मधली भोकं मात्र दोन्ही पानांची आलटून पालटून होती: पहिलं बुश यांचं, दुसरं ब्युकॅनन यांचं, तिसरं गोर यांचं. नावांपासून भोकांकडे बाण काढलेले होते. तरीही डावं पान वरून खाली वाचत ‘दुसरं नाव, म्हणजे दुसरं भोक’ असा हिशेब करणाऱ्याचं मत ब्युकॅनन यांना जात होतं.

कट्टर उजव्या विचारांच्या ब्युकॅनन यांना या काउंटीत सुमारे ३,४०० मतं मिळाली. शेजारच्या ब्रॉवर्ड आणि मायामी-डेड या काउंटी आकाराने मोठ्या, पण तिथे त्यांना प्रत्येकी हजारसुद्धा मिळाली नव्हती. लोक चुकले असणार असं स्वतः ब्युकॅनन यांनाही वाटलं आणि ते टीव्हीवर तसं बोललेही.

वाटणं आणि सिद्ध होणं यांत अंतर असतं. पाम बीचमध्ये ब्युकॅनन यांचे छुपे समर्थक असतील, असाही दावा झाला. तो तपासायचा तर हेच मतदार, हीच निवडणूक, फक्त मतपत्रिका साधी, असं दुसरं जग हवं. घडलेलं आणि न घडलेलं अशी दोन्ही जगं आपल्याला एकदम कधीच दिसत नाहीत, ही कार्यकारणभाव शोधणाऱ्या प्रत्येक शास्त्रासमोरची मूळ अडचण आहे. औषधाच्या चाचणीत ती तुलनागट नेमून सोडवतात. इथे असा गट कोणी नेमला नव्हता, पण तो आपोआप तयार झाला होता. टपालाने मत देणाऱ्यांकडे गेलेली मतपत्रिका बटरफ्लाय पद्धतीची नव्हती.

जोनाथन वँड, वॉल्टर मेबेन, हेन्री ब्रेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ही तुलना प्रसिद्ध केली. पाम बीचमध्ये ब्युकॅनन यांना मतदान केंद्रावर मिळालेल्या मतांचं प्रमाण टपाली मतांतल्या प्रमाणाच्या चौपट होतं. फ्लोरिडाच्या दुसऱ्या कुठल्याही काउंटीत असा लक्षणीय फरक नव्हता. मग त्यांनी एकेक मतपत्रिका पाहिली. कार्डावर मतदाराचं नाव नसतं, पण बाकीच्या पदांसाठी त्याने कुठे भोकं पाडली हे दिसतं. ब्युकॅनन यांना केंद्रावर मत देणाऱ्यांचा कल सेनेटसाठी, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहासाठी, डेमोक्रॅटिक उमेदवार बिल नेल्सन यांच्याकडे होता. त्याच काउंटीत रिफॉर्म पक्षाच्या इतर उमेदवारांना मत देणाऱ्यांत हा कल आढळला नाही. निष्कर्ष असा की दोन हजारांहून जास्त डेमोक्रॅटिक मतदारांनी चुकून ब्युकॅनन यांना मत दिलं. आघाडी होती ५३७ची. शिवाय दोन भोकं पडल्यामुळे बाद झालेली सुमारे १९ हजार मतं या हिशेबात धरलेलीच नाहीत.

न घडलेल्या गोष्टीबद्दल इतक्या खात्रीने बोलता येणं दुर्मीळ आहे. मतपत्रिका साधी असती, तर गोर फ्लोरिडा जिंकले असते.

फ्लोरिडात सुरू असलेली फेरमोजणी पूर्ण झाली असती तर काय, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि लोक या दोन्हींची गल्लत करतात. १२ डिसेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेरमोजणी कायमची थांबवली. पुढे वृत्तसंस्थांनी एकत्र येऊन शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधन संस्थेकडून सुमारे पावणेदोन लाख न मोजलेल्या मतपत्रिका तपासून घेतल्या. गोर यांनी मागितलेली चार काउंटींची फेरमोजणी झाली असती, तरी बुशच जिंकले असते. राज्यभरातली सगळी बाद मतं तपासली असती, तर गोर अगदी थोडक्या मतांनी पुढे गेले असते. म्हणजे ‘न्यायालयाने थांबवलं नसतं तर’ याला एक उत्तर नाही. कोणती मतं मोजायची यावर ते ठरतं.

यातून पद्धतीचा एक दंडक निघतो: कल्पनेत बदल करायचा तो शक्य तितका छोटा. मतपत्रिकेची मांडणी बदलली तर प्रचार, भाषणं, वादविवाद, सगळं होतं तसंच राहतं. याउलट ‘ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर उभेच राहिले नसते तर’ असं म्हटलं की सगळी निवडणूक नव्याने लिहावी लागते. नेडर यांना फ्लोरिडात ९७ हजारांहून जास्त मतं पडली. त्यातली किती गोर यांना गेली असती, किती बुश यांना, आणि किती जण घरीच बसले असते? ते नसते तर गोर यांनी वेळ आणि पैसा कुठे लावला असता? नेडर यांच्यावर खापर फोडणारे लोक हे प्रश्न सहसा विचारात घेत नाहीत.

फरक छोटा असला म्हणजे कारण सापडलं, असंही नव्हे. २०२० मध्ये ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन मिळून बायडन यांची आघाडी सुमारे ४३ हजारांची होती. ही तीन राज्यं फिरली असती तर निर्वाचक मतं २६९-२६९ अशी बरोबरीत अडकली असती. पण ती कशामुळे फिरली असती, हे सांगणारी पाम बीचच्या टपाली मतांसारखी तुलना तिथे हाताशी नाही.

आता गोर व्हाइट हाउसमध्ये बसले असं धरून पुढे जाऊ. त्यांचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जो लीबरमन त्याच दिवशी कनेक्टिकटमधून सेनेटवरही निवडून आले होते. ते उपराष्ट्राध्यक्ष झाले असते तर ती जागा रिकामी झाली असती आणि तिच्यावर नेमणूक करायचा अधिकार रिपब्लिकन राज्यपालांकडे होता. सेनेटमध्ये ५०-५० अशी स्थिती होती. गोर यांच्या विजयाने ती बहुधा त्यांच्याच विरोधात ५१-४९ अशी झाली असती! हवामानबदल रोखण्यासाठीच्या क्योटो कराराला मंजुरी मिळायला सेनेटची दोनतृतीयांश मतं लागतात, आणि भारत-चीनसारख्या विकसनशील देशांवर बंधनं नसलेला करार नको, असा ठराव सेनेटने १९९७ मध्ये ९५ विरुद्ध ० मतांनी केला होता. स्वतः गोर क्योटोला जाऊन आलेले. तरीही त्यांच्या काळात अमेरिकेने करार मंजूर केला असता, हे मला पटत नाही. त्यांनी तो बुश यांच्यासारखा झिडकारला नसता, इतकंच म्हणता येतं.

इराकच्या बाबतीत धुकं आणखी दाट आहे. सप्टेंबर २००२ मध्ये गोर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत या युद्धाच्या घाईविरुद्ध भाषण केलं. पण १९९१ च्या आखाती युद्धाच्या बाजूने मत देणाऱ्या मोजक्या डेमोक्रॅटिक सेनेटरांत ते होते, आणि लीबरमन तर २००३ च्या युद्धाचे समर्थक होते. सत्तेबाहेरचा माणूस जे बोलतो तेच तो सत्तेत असता तर बोलला असता, हेही गृहीतच. अशा साखळीचं गणित निर्दय असतं. प्रत्येक पायरी ८० टक्के खात्रीची धरली तरी पाच पायऱ्यांनंतर खात्री उरते साधारण ३३ टक्के. गोष्ट मात्र शेवटपर्यंत तितकीच खरी वाटत राहते.

मग हा खटाटोप करायचा कशाला? मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना १८१४ च्या ब्रिटिश-गुरखा संघर्षाचं वर्णन वाचायला दिलं. काहींना ब्रिटिश जिंकले असं सांगितलं, काहींना गुरखे जिंकले असं, काहींना कोंडी झाली असं. ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच शेवट आधीपासून जास्त शक्य होता असं वाटलं. बुश जिंकले म्हणून ‘देशाचा कौलच तसा होता’ असं म्हणणारे याच सापळ्यात सापडतात. घडलं नाही ते नीट मांडून पाहिलं की घडलेल्याचं खरं वजन कळतं.

व्यवहारातही त्याचा उपयोग झाला. २००२ च्या कायद्याने पंच कार्ड यंत्रं बदलायला राज्यांना पैसे दिले आणि मार्गदर्शनासाठी आयोग नेमला. मतपत्रिका कशी मांडावी याच्या सूचना आल्या, त्यातली एक अशी की मतदारासाठी छापलेल्या सूचनांच्या मजकुराखालीच उमेदवारांची नावं ठेवू नयेत. २०१८ मध्ये फ्लोरिडाच्याच ब्रॉवर्ड काउंटीने सेनेटची लढत नेमकी तिथे छापली. त्या काउंटीत सेनेटसाठी गव्हर्नरपदापेक्षा सुमारे २५ हजार मतं कमी पडली. राज्यभरात तेच बिल नेल्सन १०,०३३ मतांनी हरले. ब्रॉवर्डमध्ये त्यांना साधारण ६९ टक्के मतं होती. हुकलेली सगळी २५ हजार मतं त्याच प्रमाणात वाटली तरी त्यांची तिथली आघाडी सुमारे साडेनऊ हजारांनीच वाढली असती, आणि त्यातल्या काहींनी तो रकाना मुद्दाम कोरा सोडला असणार. नेल्सन बहुधा तरीही हरलेच असते.